सातपुड्यातला वणवा: पहिल्यांदाच मदतीला जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपत आला की यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या मोबाइलवर रात्रीच्या डोंगराचे फोटो फिरू लागतात. खाली कोणीतरी लिहितं, "डोंगरले आग लागनी, कोन से जवळ?" मग चार-सहा पोरं मोटारसायकली काढून निघतात. पायात चप्पल, अंगात टेरिकॉटचा शर्ट, सगळ्यांत मिळून पाण्याची एक बाटली.

हा लेख त्या पोरांसाठी आहे. त्यांची तळमळ खरी असते, पण आग दिसते तिथे थेट धावत जाण्याचा फायदा फारसा नसतो आणि त्यात धोका मात्र मोठा असतो. आग आत्ता कुठे आहे यापेक्षा तासाभराने ती कुठे असेल, हे ओळखता यायला हवं. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत.

## १. आधी डोंगर समजून घ्या

खानदेशाकडे तोंड करून असलेले सातपुड्याचे उतार बहुतेक दक्षिणेकडचे आहेत. हिवाळ्यापासूनच त्यांच्यावर ऊन थेट आणि दिवसभर पडतं, त्यामुळे ते लवकर वाळतात. जंगल पानगळीचं आहे. साग, सालई, अंजन, धावडा, खैर, मोह, टेंभुर्णी ही झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात आणि त्याखाली गुडघ्याएवढं वाळकं गवत उभं असतं. यात रोशा गवत असेल तर जास्त सावध राहा. खानदेशात पूर्वीपासून ज्याचं तेल काढतात तेच हे गवत. तेल असल्यामुळे ते भडकन पेटतं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. इथली आग बहुतेक वेळा जमिनीवरून सरकते. टीव्हीवर अमेरिकेतल्या आगी शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारताना दिसतात, तसं इथे सहसा होत नाही. म्हणून फांदी, खराटा आणि ब्लोअर (हवेचा झोत मारणारं यंत्र) घेऊनही ती आवरता येते. अपवाद बांबूच्या बेटांचा. वाळलेलं बेट पेटलं की ठिणग्या लांबवर जातात.

तापीच्या दक्षिणेला, पाटणादेवी-गौताळ्याच्या किंवा लळिंगच्या बाजूला, झाडी विरळ आणि गवत जास्त. तिथे आग कमी वेळ टिकते, पण वाऱ्यावर धावते फार जोरात. यावलच्या सागाच्या जंगलात काम केलेला माणूस इथे आल्यावर या वेगाने चकतो.

आता आग लावतं कोण? या मोसमात वीज पडून लागणारी आग जवळपास नसतेच, ती माणसाच्या हातूनच लागते. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला, म्हणजे टेंभुर्णीला, नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून कोणी आग लावतं. कोणी बांधावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळतं आणि वाऱ्याने ती जंगलात शिरते. कोणाची बिडी, कोणाचं मध काढणं. यावरून लगेच "आदिवासीच जंगल जाळतात" असं म्हणू नका. हे बोलणारे बहुतेक आगीजवळ कधी गेलेले नसतात. आग लागल्यावर सगळ्यात आधी पोचणारी आणि वाट दाखवणारी माणसं पावरा, भिल्ल, तडवी, कोरकू वस्त्यांमधलीच असतात. मोहाखाली जाळी अंथरली किंवा पाला झाडून घेतला तर जाळायची गरजच पडत नाही. ते सांगायचं असेल तर मार्चच्या आधी, पाड्यावर बसून, चहा पिता पिता सांगा. आग लागल्यावर सांगून काही उपयोग नसतो.

## २. हंगामाआधी नाव नोंदवा

महाराष्ट्रात वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. तुमची तयारी जानेवारीत व्हायला हवी.

आधी वनविभागाची उतरंड समजून घ्या, नाहीतर चुकीच्या माणसाला फोन लावत बसाल. सगळ्यात खाली नियतक्षेत्र म्हणजे बीट, त्याचा वनरक्षक. काही बीट मिळून परिमंडळ, त्याचा वनपाल. त्यावर वनपरिक्षेत्र, त्याचा वनक्षेत्रपाल. लोक त्याला आरएफओ म्हणतात. जंगलाचे लहान तुकडे म्हणजे कक्ष, आणि प्रत्येक कक्षाला क्रमांक असतो. "त्या मोठ्या वडाच्या मागचा डोंगर" यापेक्षा "कक्ष क्रमांक अमुक" म्हटलं तर समोरचा माणूस लगेच हलतो.

जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि स्वयंसेवक म्हणून नाव द्या. सोबत हे न्या:

- आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो
- रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहिलेला कागद
- दमा, रक्तदाब, मिरगी असं काही असेल तर त्याची स्पष्ट नोंद
- अपघात विमा असेल तर त्याची प्रत

बदल्यात त्यांच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: त्या परिसराचा कक्षांसह नकाशा, वनरक्षक आणि वनपालांचे नंबर, आणि अभयारण्यात शिरायचं असेल तर परवानगी. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि परवान्याशिवाय आत जाता येत नाही. आग विझवायला गेलो होतो असं सांगून सुटू, या भरवशावर राहू नका.

गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल किंवा वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा असेल, तर त्यांच्यासोबत जोडून घेणं सगळ्यात उत्तम. २००६ च्या त्या कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. त्यांच्याबरोबर गेलात की तुम्हाला बाहेरचं कोणी समजत नाही.

जमलं तर जाळरेषा काढायच्या कामाला जा. हंगाम सुरू होण्याआधी रस्त्यांच्या कडेने आणि कक्षांच्या हद्दीवर गवताचा पट्टा कापून, जाळून मोकळा करतात. त्या एका दिवसात जंगलाची रचना जेवढी कळते तेवढी नकाशावर कळत नाही, आणि पुढे आग अडवायला हाच पट्टा कामाला येतो.

## ३. उपग्रहाचा ठिपका वाचायला शिका

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 'वन अग्नी' पोर्टलवर नोंदणी केली की तुमच्या भागातल्या आगीचा संदेश मोबाइलवर मिळतो. हे मोफत आहे. नासाचं 'फर्म्स' हे संकेतस्थळही कोणालाही पाहता येतं, त्याच्या नकाशावर उपग्रहाला दिसलेल्या आगीच्या जागी ठिपका असतो. दोन्ही वापरा, पण ठिपका म्हणजे आग असं समजून गाडीला किक मारू नका.

पहिला फसवा भाग वेळेचा. फर्म्सवरची वेळ जागतिक वेळेत असू शकते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ८:०० दिसले तर आपल्याकडे दुपारचा दीड वाजला आहे. त्यावर उपग्रहाची माहिती पोचायला काही तास लागतात. म्हणजे तुम्ही पाहता ती आग दुपारची आणि घड्याळात संध्याकाळ झालेली.

दुसरा, आणि यात शिकलेली माणसंसुद्धा अडकतात: अक्षांश लिहिण्याची पद्धत. २१.२५ म्हणजे २१ अंश २५ मिनिटं नव्हे, तर २१ अंश १५ मिनिटं. फरक दहा मिनिटांचा दिसतो, पण जमिनीवर तो सुमारे १८ किलोमीटर होतो. एवढ्यात तुम्ही रावेरच्या डोंगराऐवजी मध्य प्रदेशात पोचाल. संदेशातला आकडा आहे तसाच्या तसा नकाशात टाका, मनाने फोड करू नका.

तिसरा ठिपक्याच्या आकाराचा. व्हीआयआयआरएस नावाच्या संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर चौरस असतो, म्हणजे जवळपास १४ हेक्टर. मोडिस या दुसऱ्या संवेदकाचा एक किलोमीटरचा. नकाशावरची खूण त्या चौकोनाच्या मध्याची. खरी आग चौकोनात कुठेही असेल, कदाचित धारेच्या पलीकडच्या उतारावरही.

व्हीआयआयआरएसवाले उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री एक-दोनच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला पेटलेली आग त्यांना रात्रीच दिसते. म्हणून ठिपका नाही याचा अर्थ आग नाही असा घेऊ नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये तापीकाठच्या वावरात काड आणि पऱ्हाटी जाळली तरी ठिपके उमटतात. ठिपका जंगलाच्या हद्दीत आहे की शेतात, हे आधी उपग्रहाच्या चित्रावर बघा.

खरं सांगायचं तर टेकडीवर बसवलेला फायर वॉचर या सगळ्यापेक्षा लवकर सांगतो. पाड्यांवर दोन-तीन ओळखी असतील तर त्या जपा.

## ४. धूर दिसला की आधी फोन

वनरक्षकाला लावा. लागला नाही तर वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. माणसं अडकली असतील किंवा वस्तीला धोका असेल तर ११२, जखमी असेल तर १०८. सांगताना क्रम असा ठेवा: जागा, आगीची दिशा, ज्वाला किती उंच, जवळ वस्ती किंवा गुरं आहेत का, आणि तुम्ही कोण. "खूप मोठी आग आहे साहेब, लवकर या" एवढ्यावर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही.

धडगाव, तोरणमाळच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही. नकाशे घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. कोणता फोन कुठे लागतो हे ठाऊक असलेला माणूस सोबत हवा.

## ५. काय घालायचं, काय न्यायचं

कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉट, पॉलिस्टर, नायलॉन अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बूट. रबरी तळव्याचे स्वस्त बूट तापलेल्या राखेवर मऊ पडतात. तोंडाला सुती रुमाल, पण कोरडा. ओला रुमाल बांधायची सवय सगळ्यांना असते. धगीजवळ त्यातल्या पाण्याची वाफ होऊन नाका-घशाला भाजू शकतं.

पाणी माणशी किमान चार-पाच लिटर. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात आगीची धग. तासाला लिटरभर पाणी सहज लागतं. सोबत ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे. सोबतचा माणूस घाम यायचा थांबला, बडबडायला लागला, पाय अडखळायला लागले, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात होतो आहे. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ ला कळवा. आगीचं नंतर बघता येईल.

अवजारं: कोयता, कुऱ्हाड, फावडं, दाताळं, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी. वनविभागाकडे ब्लोअर असतात. पाठीवरचा फवारणीचा पंप फार उपयोगी, पण तो कपाशीवर औषध मारलेला असेल तर घरीच ठेवा. आत राहिलेल्या कीटकनाशकाची वाफ धगीवर छातीत जाते. कोरा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला पंपच न्या.

## ६. चढण्याआधी थांबा आणि बघा

पायथ्याला पोचलात की लगेच चढू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. नव्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, कारण समोर जळत असतं आणि आपण उभे असतो. एखादा पावरा दादा बिडी न पेटवता नुसता कानाला लावून दगडावर बसलेला दिसेल. तो आळशी नसतो, वारा बघत असतो. त्याच्या शेजारी बसा.

काय बघायचं?

उतार. आग चढावर वेगाने जाते, कारण ज्वाला वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवते. ढोबळ हिशोब असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. सातपुड्यातले तीस अंशांचे उतार डोळ्यांपुढे आणा. माणूस चढावर धावून आगीला मागे टाकू शकत नाही. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, ती चढत असताना, कधीही उभं राहायचं नाही.

वारा. दिवसा उन्हाने तापलेली हवा डोंगर चढते, रात्री गार हवा खाली उतरते. दोन्हींच्या मधल्या वेळेत, सूर्यास्ताच्या सुमाराला, वारा घुटमळतो आणि दिशा बदलतो. दुपारी दोन ते चार ही सगळ्यात वाईट वेळ, तेव्हा हवा सर्वांत कोरडी असते. संध्याकाळ कलल्यानंतर ते पहाटेपर्यंत ज्वाला बसतात, आणि खरं काम तेव्हाच होतं. पण रात्री दगड, दरड आणि अस्वल दिसत नाहीत, म्हणून वाट ठाऊक असलेल्या स्थानिक माणसाशिवाय रात्री चढू नका.

नाळ आणि खिंड. दोन सोंडांमधली अरुंद चढी नाळ म्हणजे धुराडंच. तिच्या तळाशी आग शिरली की क्षणात वरपर्यंत जाते. नाळेतून वर जाणारी वाट कितीही सोपी दिसली तरी ती सोडा. खिंडीतही वारा एकवटतो.

वरून काय येईल. जळता ओंडका, सुटलेला दगड. ओंडका गडगडत खाली आला की तुमच्या पाठीमागे नवी आग लागते आणि तुम्ही दोन आगींच्या मध्ये सापडता.

हे बघून झालं की चार गोष्टी मोठ्याने बोलून ठरवा. समोरच्या टेकडीवरून आगीवर नजर ठेवणारा कोण? त्याची हाक किंवा शिट्टी आपल्यापर्यंत कशी येणार? पळायची वाट कोणती? आणि पळून थांबायचं कुठे? चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आधीच जळून गार झालेली काळी जमीन. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. चारपैकी एकाचंही उत्तर नसेल तर चढू नका. सोबतचा कोणी "काही होत नाही भो" म्हणाला तरी नाही.

## ७. आग मागून धरा

आगीला तोंड असतं, दोन बाजू असतात आणि शेपूट असते. तोंड म्हणजे ती पुढे सरकते ती कड. शेपूट म्हणजे जिथून ती सुरू झाली ती, बहुधा खालची, मंद कड. तोंडावर जाऊन झोडपणं फोटोत चांगलं दिसतं. काम शेपटीकडून सुरू होतं.

रस्ता, नाला, उघडा कातळ किंवा जळालेला पट्टा अशी एक पक्की जागा निवडा, जिच्या मागून आग येऊच शकत नाही. तिथून एका बाजूला धरून कड विझवत पुढे सरका. एक पाय काळ्यावर असला पाहिजे. दोन गट असतील तर दोन्ही बाजूंनी निघून तोंडाकडे आग अरुंद करत न्या. बाजू दाबल्या गेल्या की तोंड आपोआप लहान होतं आणि जाळरेषेवर किंवा धारेवर ते अडवता येतं.

ज्वाला चार फुटांपेक्षा कमी असेल तरच हातानं जवळून काम करा. त्याहून उंच असेल तर मागे व्हा आणि पुढच्या कातळावर, वाटेवर किंवा बैलगाडीच्या रस्त्यावर रेषा काढा.

फांदीने विझवताना नवे लोक धोपटतात आणि ठिणग्या उडवून पलीकडचं गवत पेटवतात. नाल्याकाठी करंज, जांभूळ यांच्या हिरव्या पाल्याची फांदी मिळते. ती ज्वालेवर दाबायची आणि काळ्या बाजूला ओढायची. खांद्याच्या वर उचलायची नाही. ब्लोअरचंही तसंच. झोत ज्वालेच्या बुडाशी, तिरपा, जळालेल्या भागाकडे. समोरून सरळ मारला तर तुम्ही आगीला वारा घालता. ब्लोअरवाल्याच्या मागे दोन फांदीवाले, त्यांच्या मागे दाताळंवाला, शेवटी पंप. पेट्रोलचा डबा काळ्या जमिनीवर, आगीपासून लांब, आणि ब्लोअर गार झाल्यावरच भरायचा.

रेषा काढायची असेल तर गवत आणि पाला खरवडून माती उघडी करा. रुंदी किमान गवताच्या उंचीच्या दीडपट, चढावर जास्त. खरवडलेला पाला न जळालेल्या बाजूला फेका. आगीच्या बाजूला ढीग केला तर रेषेलगतच भडका उडतो. उताराला आडवी रेषा असेल तर तिला खालच्या कडेला चर ठेवा, म्हणजे घरंगळणारे निखारे त्यात अडकतात.

उलटी आग लावून पुढची आग अडवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ते वनविभागाच्या अनुभवी माणसांचं काम आहे. तुम्ही काडी ओढायची नाही. वारा फिरला तर तुमची आग हीच मोठी आग होते, आणि राखीव जंगलात किंवा अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे, हेतू काहीही असो.

## ८. ज्वाला गेल्या, आता कंटाळवाणं काम

इथे निम्मी माणसं घरी जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच डोंगरावर पुन्हा धूर निघतो तो यामुळे.

कडेपासून आत वीस-तीस पावलांच्या पट्ट्यात फिरा. पोकळ मोह, सालईचं पडलेलं खोड, जुने बुंधे, वाळलेलं शेण यांत आग तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस धुमसते. हाताची उलटी बाजू जवळ नेऊन धग तपासा, थेट हात लावू नका. धग असेल तर उकरा, माती आणि पाणी कालवून चिखल करा, पुन्हा उकरा. नुसती माती टाकून झाकलं तर आत ते जिवंत राहतं. उभं पोकळ झाड विझत नसेल तर त्याच्याभोवती मोकळं कडं काढा आणि त्याच्या खाली थांबू नका, जळत्या झाडाच्या फांद्या आवाज न करता पडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर एक फेरी मारायला दोन माणसं ठरवूनच डोंगर उतरा. नाव घेऊन ठरवा. "कोणीतरी जाईल" म्हटलं की कोणी जात नाही.

## ९. नोंद

जळालेल्या कडेने मोबाइलचा जीपीएस ट्रॅक चालू ठेवून चालत गेलात तर क्षेत्र बरोबर निघतं. नुसत्या नजरेचा अंदाज बहुधा फार चुकतो. ट्रॅक, आग दिसल्याची आणि विझल्याची वेळ, सुरुवात जिथून झाली त्या जागेचे फोटो, आणि हजर असलेल्यांची नावं वनरक्षकाला द्या. सुरुवातीच्या जागेवर काही सापडलं तर हात लावू नका, पंचनामा तो करेल. कोणी लावली याचा अंदाज फोटोखाली लिहून पसरवू नका. उद्या त्याच पाड्यावर पुन्हा जायचं असतं.

हीच माहिती पुढच्या जानेवारीत काढा आणि जाळरेषेचं नियोजन होतं त्या बैठकीत न्या. कोणत्या कक्षात आग कुठून शिरली आणि कुठे अडली हे नकाशावर दाखवता आलं, तर रेषा कुठे हवी हे तिथेच ठरतं.